ठोकळ्यांखालचे चौकोन

ती जहाजांची पोटं रंगवायची. नवरा गेल्यावर गोदीत आली, आणि तेव्हापासून मान वर ती वरच. "आई जेवतानासुद्धा छताकडे बघते," अशी लेक थट्टा करायची. गोदीत सगळे तिला मावशी म्हणत. जावई तेवढा आई म्हणायचा. कोरड्या गोदीत जहाज ज्या लाकडी ठोकळ्यांवर टेकतं, ते मांडायचं काम त्याला नुकतंच मिळालं होतं. हे त्याचं पहिलंच जहाज.

ठोकळा टेकतो तिथे रंग पोचत नाही, आणि रंग नाही तिथे समुद्राची बुळबुळ धरते. म्हणून पुढच्या खेपेला ठोकळे सरकवून मांडायचे, म्हणजे राहिलेले चौकोन उघडे पडतात.

रोलर घेऊन मावशी जहाजाखाली शिरली आणि थबकली. ठोकळ्याच्या कडेने ओली तपकिरी मखमल डोकावत होती. पुढच्याच्याही.

"जावईबापू, जरा वाका."

"आई, इथे जावईबापू नका हो म्हणू, पोरं हसतात!"

"हसू देत. गेल्या वेळच्याच जागी मांडलेत तुम्ही ठोकळे."

त्याने वाकून पाहिलं. "म्हणजे पाणी भरा, जहाज तरंगवा, सरकवा... मुकादम हाकलून देईल मला. जरा बुळबुळ राहिली तर काय बिघडतंय?"

लेकीचा संसार त्याच नोकरीवर उभा होता. तरी मावशीने नखावर थोडी मखमल घेतली आणि तळ तपासायला आलेल्या प्रयोगशाळेतल्या मुलीकडे गेली. मुलीने थेंबभर पाण्यात ती कालवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

मावशीने डोळा लावला. काचेच्या होड्या! सोनेरी, नक्षीदार, आरपार दिसणाऱ्या. वल्हं नाही, शीड नाही, आणि संथ सरकतायत.

"ह्या... जिवंत आहेत?"

"दूरच्या समुद्रातून आल्यात, मावशी. लाकडाखालच्या ओलीवर तग धरलाय. यांचा थर बसला की त्यावर शिंपल्यांची पिल्लं, शेवाळं चिकटतात. जहाज नेईल तिथे उतरतात, आणि कधी कधी तिथल्या जिवांना जागाच उरत नाही."

"आणि नखावर मावतात तरी किती?"

"एक अख्खं शहर."

मावशीने जावयाला हाताने खुणावलं. "बघा."

तो बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आई, चालतायत की हो ह्या!" त्याने तोंडावरून हात फिरवला आणि तडक मुकादमाच्या खोलीकडे निघाला.

आतला आरडाओरडा अख्ख्या गोदीने ऐकला. शेवटी मुकादम बाहेर आला, लालबुंद, आणि त्याने पाण्याच्या झडपा उघडायला सांगितलं.

पाणी घोंघावत आत शिरलं. ठोकळे बुडाले, जहाजाचा तळ बुडाला. आणि तेवढं अवाढव्य लोखंड, डोळ्याला न दिसणाऱ्या जिवांपायी, आवाज न करता अलगद उचललं गेलं.

"तोंड उघडं टाकून काय बघतोस?" मुकादम जावयावर खेकसला. "दोर धर. सरकव तुझं जहाज!"