फाटक्या बॉक्सचं गाणं

"मॅडम, तुमचा बॉक्स फाटला आहे."

शनिवारची संध्याकाळ होती. कंट्रोल रूममधला फोन उचलला, तर पलीकडून एवढंच. आवाज भारदस्त आणि चांगलाच तापलेला.

"कोण बोलतंय?"

"बोरी अरबहून बबन साउंड सर्व्हिस. आता जे गाणं लावलं ना जी तुम्ही, त्याचा आवाज फाटून राह्यला. लगेच पाहून घ्या."

मी "बघते" म्हटलं आणि गजूला, म्हणजे आमच्या लाइनमनला, नवा सेट-टॉप बॉक्स देऊन बोरी अरबला पिटाळलं. केबलच्या धंद्यात बॉक्स म्हणजे सेट-टॉप बॉक्स, दुसरा अर्थच नाही. गजू बाईकवर बसतो न बसतो तोच फोन घणघणायला लागले. सगळे बोरी अरबचे, सगळ्यांचं म्हणणं एकच. "बबनभाऊ म्हणते, आवाज फाटला." कित्येकांनी टीव्ही लावलासुद्धा नव्हता, पण बबनभाऊंनी सांगितलं म्हणजे झालंच.

मी दारव्ह्याला केबलच्या लोकल चॅनेलचं काम बघते. प्लेआउट माझ्याकडे असतो. प्लेआउट म्हणजे कुठल्या वेळी पडद्यावर काय दिसणार ते ठरवणं आणि तसं दाखवणं. दिवसभर कृषी केंद्रांच्या जाहिराती, वाढदिवसाच्या शुभेच्छा, कीर्तनं, पालिकेच्या सूचना. या सगळ्यात शनिवारचा अर्धा तास मी मालकांशी भांडून मिळवला आहे. कार्यक्रमाचं नाव 'नवं कोरं'. त्यात फक्त इंडी बँडची गाणी आणि त्यांचे व्हिडिओ लागतात. इंडी म्हणजे ज्यांच्या पाठीशी कुठली कंपनी नाही. स्वतःच लिहितात, स्वतःच वाजवतात, मित्राच्या मोबाइलवर व्हिडिओ काढतात आणि इंटरनेटवर टाकून वाट बघत बसतात.

अशी गाणी शोधणं हा माझा छंद होता, आता कामाचाच भाग झाला आहे. मी बँडला मेल टाकते, परवानगी मागते. दारव्हा कुठे आहे ते समजावून सांगावं लागतं. मग गाणं चॅनेलवर लागतं आणि लिंक आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाते. प्रत्येक गाणं मी लागोपाठ दोन शनिवार लावते. पहिल्यांदा लोक नुसते दचकतात. ऐकतात ते दुसऱ्यांदा.

त्या शनिवारचं गाणं मला एका रिकाम्या दुपारी सापडलं होतं. 'वऱ्हाडी रॉक' असं टाकून शोधत होते आणि खाली, पार खाली, एक व्हिडिओ दिसला. तो फारसा कुणी बघितलेलाच नव्हता. एक अंगण, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि मधोमध एक उघडा स्पीकर. त्याचा काळा कागद फाटलेला. चेहरा कुणाचाच नाही. गाणं सुरू झालं की तो फाटका कागद थरथरायला लागतो, आणि कॅमेरा शेवटपर्यंत तिथेच.

"हळू बोल वं पोरी, हळू बोल,
शेजारी ऐकून राह्यले."

पोरगी हे अगदी हळू म्हणते. आई लेकीला दटावते तसं. आणि ती थांबली रे थांबली की मागून गिटार असं काही ओरडतं की माझ्या हातातला कप हिंदकळला. गिटारचा तो फाटका आवाज रॉकवाले मुद्दाम काढतात, त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. आयुष्यात मी पुष्कळ डिस्टॉर्शन ऐकलंय, पण इतक्या रास्त कारणासाठी केलेलं ऐकलं नव्हतं. त्या दुपारी मी ते गाणं किती वेळा लावलं, सांगत नाही. ऑफिसात एकटी होते म्हणून बरं.

बँडचं नाव होतं 'खरखर'. परवानगीसाठी फोन केला तर गाणारी मुलगीच बोलली. लावा म्हणाली, फक्त माझं नाव नको, बँडचं टाका. गाव विचारलं तर "इथलंच जवळचं" म्हणून तिने विषय संपवला.

मी बँडचं नाव टाकलं. म्हणजे पडद्यावर आवाज फाटत होता आणि खाली ठळक अक्षरांत आम्हीच लिहिलं होतं, 'खरखर'. एका गृहस्थांनी फोनवर सुनावलंच, "तुम्हालेच माहीत आहे ना खरखर आहे म्हणून, मग दुरुस्त काहून नाही करत?"

गजू परत आला तो हसतच.

"मॅडम, त्यायचा बॉक्स एकदम चकाचक. ते म्हणे, माहा बॉक्स नाही, तुमचा फाटला. स्टुडिओतला स्पीकर बदला म्हणे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साउंडवाल्यांच्या बोलीत बॉक्स म्हणजे स्पीकर. आणि बबनभाऊ हे पंचक्रोशीतलं साउंडमधलं मोठं नाव. लग्न, सप्ताह, शाळेचं गॅदरिंग, कुठेही त्यांचाच साउंड. साफ आवाज ही त्यांची इज्जत. त्यांनी खराब म्हटलेला आवाज चांगला आहे असं बोरी अरबमध्ये कोण म्हणणार?

सोमवारी मालकांनी बोलावलं. अनिलभाऊ वाईट माणूस नाही, फक्त त्यांना शांतता आवडते.

"मॅडम, हे गाणं साफ करा."

"भाऊ, ते तसंच आहे. मुद्दाम केलेलं आहे."

"मुद्दाम कोण आवाज फाडते? लोकं उद्या कनेक्शन तोडून घरावर डिश लावतीन. शनिवारी रिपीट आहे ना? साफ करून लावा. नाही तर तुमचं ते नवं कोरं बंद. मले रोज रोज फोन नाही पायजे."

शिवाय त्यांनी लिमिटर आवळायला सांगितला. लिमिटर म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की त्याला आपोआप दाबणारी सोय. मी निमूटपणे आवळला. मग कॉम्प्युटरवर बसून गाणं साफ केलं. खरखर काढली, टोकं घासली, गिटार गुळगुळीत केलं. आणि ऐकलं.

पोरगी हळू म्हणत होती, हळू बोल. गिटारही हळूच म्हणत होतं, हळू बोल. सगळं कसं सुशील आणि शांत. मला फार वाईट वाटलं. आख्ख्या गाण्यालाच मी दटावून गप्प बसवलं होतं. तरी कार्यक्रम वाचवायचा होता, म्हणून फाइल तिला पाठवली.

लगेच फोन आला.

"मॅडम, हे कोणाचं गाणं आहे?"

"तुझंच. थोडं साफ केलंय."

"मग नका लावू." तिचा आवाज शांत होता. "खरंच नका लावू. टीव्हीवर नाही आलं तरी चालते मला. असं नको."

आसुसलेली माणसं मी रोज बघते, पडद्यावर दोन सेकंद दिसायला काहीही करायला तयार असतात. आणि ही पोरगी मिळालेली जागा परत करत होती. मनातून मी तिला हात जोडले. पण कार्यक्रमावर गदा आली आहे हेही सांगणं भाग होतं, ते सांगितलं.

"तक्रार कोणी केली एवढी?" तिने विचारलं.

"बोरी अरबचे एक साउंडवाले आहेत, बबनभाऊ. त्यांनी म्हटलं, मग सगळ्या गावाने म्हटलं."

ती हसायला लागली. आणि हसता हसता एकदम थांबली.

"मॅडम, ते माझे बाबा आहेत."

तिचं नाव प्रतीक्षा. वडिलांच्या धंद्यात बुकिंगचं काम तीच बघते. सीझनमध्ये बबनभाऊ सामान घेऊन लग्नांना गेले की गोडाऊन रिकामं पडायचं. तिथे ती आणि तिच्या दोन मैत्रिणी वाजवायच्या. गिटारचा तो फाटका आवाज काढायला पेडल नावाची पायाने दाबायची डबी घ्यावी लागते, ती नव्हती. मग भंगारात टाकलेला वडिलांचाच एक फाटका बॉक्स तिने उचलला आणि गिटार त्याला जोडलं. घरात कुणाला पत्ता नाही. शनिवारी गाणं लागलं तेव्हा बबनभाऊ आतल्या खोलीत जेवत होते, आतपर्यंत फक्त गिटारचा आवाज गेला. ताटावरून उठून त्यांनी मला फोन लावला, आणि ही शेजारी उभी राहून ऐकत होती, पण त्या एका फोनने एवढं होईल असं तिला वाटलं नव्हतं.

"तुम्ही येता का?" ती म्हणाली. "मी सांगते त्यांना. पण एकटीची हिंमत नाही होत."

दुसऱ्या दिवशी मी बोरी अरबला गेले. बबनभाऊंनी गोडाऊनमध्येच खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं, चहा सांगितला. मग म्हणाले, "बदलला का जी बॉक्स?"

"नाही. तुम्हीच एकदा नीट ऐका, म्हणून आले." मी पेन ड्राइव्ह पुढे केला. प्रतीक्षा दाराशी वायरची गुंडाळी हातात घेऊन उभी होती. ती उगाचच सोडत होती आणि पुन्हा गुंडाळत होती.

बबनभाऊंनी आपला सगळ्यात चांगला सेट लावला. गाणं सुरू झालं. पहिल्या ओळीला त्यांनी मान वर केली, लेकीकडे बघितलं. आवाज ओळखला असणार, बापच तो. गिटार ओरडलं तेव्हा गोडाऊनचे पत्रे थरथरले. त्यांनी गाणं बंद केलं नाही. संपल्यावर ते उठून अ‍ॅम्प्लिफायरपाशी गेले.

"हा माहा बॉक्स होय," ते म्हणाले. "भंगारातला."

"हो बाबा."

"एवढा नव्हता फाटला तो."

"मी अजून फाडला. ब्लेडनं."

"काहून?"

"साफ आवाजात राग येतच नव्हता."

"राग कोणाचा वं?"

प्रतीक्षाने वायर खाली ठेवली. "तुमचा नाही. म्हणजे, थोडा तुमचाही. लोकाईचा साउंड लावता तेव्हा म्हणता, अजून वाढवा. मी बोलली की म्हणता, हळू बोल."

मी चहाच्या कपात तोंड घातलं. अशा वेळी पाहुण्याने दुसरं काय करावं? बबनभाऊंनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, डोळे पुसले, आणि मग अ‍ॅम्प्लिफायरही पुसून काढला. त्याच्यावर धूळ नव्हती.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

तिने लावलं. या वेळी ते डोळे मिटून बसले. मधेच एकदा त्यांचं बोट मांडीवर ठेका धरून हललं, ते मी पाहिलं. प्रतीक्षाने पाहिलं की नाही, माहीत नाही. ती जमिनीकडे बघत होती.

"मॅडम," गाणं संपल्यावर ते मला म्हणाले, "लोकाईले वाटते केबल खराब आहे. चूक माहीच आहे, मीच सांगत सुटलो. एक काम करा. खाली पट्टी चालवा. लिहा, आवाज फाटला नाही, फाडला आहे. आणि त्याच्यापुढं लिहा, बबन साउंड सर्व्हिस, बोरी अरब. माहं नाव पाह्यलं की कोणी फोन नाही करत."

"चालेल," मी म्हटलं.

"आणि हिचं नाव टाका. पूर्ण टाका. प्रतीक्षा बबनराव. खरखर-बिरखर खाली बारीक अक्षरात."

"बाबा, बँडचं नाव आहे ते."

"मग दोन्ही मोठे टाका!"

माणसं बदलतात यावर माझा फारसा विश्वास नाही. इतकी वर्षं मी चॅनेलसाठी त्यांच्या मुलाखतीही घेते, सगळे शेवटी आपलंच खरं करतात. पण ज्या फाटक्या आवाजाशी आयुष्यभर भांडण केलं त्याच आवाजाखाली आपलं नाव लावायला फार मोठी छाती लागते. बबनभाऊंबद्दल मला त्या दिवशी जो आदर वाटला, तो अजून तसाच आहे.

अनिलभाऊंना पट्टीचा मजकूर दाखवला.

"बबनभाऊ स्वतः म्हणते? मग ठीक आहे. लावा." माझं सोमवारचं समजावणं एका नावापुढे फिकं पडलं. असो.

शनिवारी गाणं लागलं, जसंच्या तसं. खाली प्रतीक्षाचं पूर्ण नाव, त्याखाली पट्टी. मी फोनकडे बघत बसले. पहिलं कडवं गेलं, फोन नाही. गिटार सुरू झालं, तरी फोन नाही. मी मनातल्या मनात 'सुटले' म्हटलं, आणि तेवढ्यात वाजला.

"मॅडम, बबन साउंड."

"आता काय झालं भाऊ?"

"पोरीचा आवाज दबून राह्यला. तुम्ही काही लावलं का तिकडं?"

मी जीभ चावली. सोमवारी आवळलेला लिमिटर तसाच होता. गाणं मी जसंच्या तसं लावलं होतं, पण तो त्याला वरून दाबत होता. मी धावत जाऊन तो काढला. कंट्रोल रूमच्या स्पीकरमधून गिटार अंगावर आलं.

"आता?"

पलीकडे टीव्हीचा आवाज घुमत होता. कुणीतरी बाई म्हणाली, "अहो, शेजारी ऐकून राह्यले." आणि बबनभाऊ तिला म्हणाले, "ऐकू दे ना."

मग मला म्हणाले, "हां. आता बराबर फाटला." आणि फोन ठेवला.

'नवं कोरं' अजून चालू आहे. कौतुक करणारे भेटतात, छान असतं म्हणतात, काय लागलं होतं विचारलं तर आठवत नाही. म्हणून मी एक करते. तक्रारीचा फोन आला की त्या माणसाचा नंबर सेव्ह करून ठेवते. गाणं ऐकलेलं असतं ते त्यानेच.