मडक्यावर बसलेल्या वन्सं

माझ्या नणंदेची, कासिल्दा कुनायची, उंची चार फूट चार इंच. दवाखान्याच्या फळीला टेकवून मीच मोजली आहे, आणि मोजताना दोनदा शिव्या खाल्ल्या आहेत. "वहिनी, उंची झाडाची मोजतात. मला तोडून होडी करायचीय का तुला?"

आमच्या मानिकी नदीकाठी ताडमाड कोणीच नाही, पण वन्सं आमच्यातही खुज्या. त्या चार वर्षांच्या असताना नदी फुगली. केळीचं शेत वाहून गेलं, कसाव्याचे कंद जमिनीतच कुजले. वर्षभर पोटभर असं काही मिळालं नाही, आणि मागून हगवण आली. तीन भावंडं गेली. वन्सं जगल्या, पण वाढ तिथंच अडली. माझे यजमान पुरानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मले, भरल्या घरात. ते बहिणीपेक्षा हातभर उंच आहेत.

वन्संनी उंचीचं रडगाणं कधी गायलं नाही. कपाळाला पट्टा लावून केळीचे घड पाठीवरून आणायच्या, उलट्या पाण्यात बांबू रोवत होडी हाकायच्या. कोणी ठेंगणी म्हटलं की म्हणायच्या, "खाली ये, मग बोलू."

मग रस्ता आला. रस्त्यामागून शेवयांची पाकिटं आली, तेल आलं, साखर आली. वन्संना गोडाचं भारी वेड. पाच-सहा वर्षांत पोट सुटलं, पाय सुजायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. महिन्यातून एकदा होडीनं येणारा डॉक्टर म्हणाला, रक्तात साखर आहे, दाबही चढलाय. "लहानपणी उपाशी राहिलेलं शरीर काटकसर शिकतं," तो म्हणाला. "पुढं जास्त मिळालं तरी त्याची सवय जात नाही. साठवत बसतं."

मी दवाखान्यात मदतनीस, त्यामुळं आमच्या चिमाने भाषेत समजावणं माझ्याकडं. वन्संनी ऐकून घेतलं. "म्हणजे माझं पोट अजून त्या पुराला घाबरतंय होय? मूर्ख मेलं!" म्हणाल्या, आणि गोळ्या घेऊन तरातरा चालू पडल्या.

आता माझी चूक सांगते. माझ्या मुलानं, रोसेंदोनं, वन्संची मुलगी केली. आत्याची मुलगी करायची, ही आमची रीतच आहे. त्या दोघांची, तेव्हा चार वर्षांची असलेली देल्फिना आम्हा दोघींचीही नात. दर तीन महिन्यांनी मी गावातली पोरं त्या फळीला उभी करते आणि रेघ मारते. देल्फिनाची रेघ सहा महिने हलली नव्हती. मी पाहिलं होतं, आणि गप्प बसले होते. रोसेंदो सगळे मासे मोटारसायकलवरून शहरात विकायला न्यायचा आणि येताना शेवया नि साखर आणायचा. पोरगी सकाळी गोड काळी कॉफी प्यायची, रात्री शेवया खायची. "माझी पोर शहरातलं खाते," म्हणून तो मिरवायचा. पोटच्या पोराला कोण बोलणार? मी तर नाहीच बोलले.

एक दिवस वन्सं गोळ्यांसाठी आल्या, तेव्हा मी देल्फिनाला मोजत होते. त्यांना वाचता येत नाही, पण रेघा दिसतात.

"वहिनी, ही रेघ कधीची?"

"पावसाळ्याच्या आधीची."

"आणि आजची?"

"तीच."

त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. मला भीतीच वाटली.

चार दिवसांनी ओढा अडवून मासे धरायचे होते. रोसेंदोनं गाव बोलावलं होतं. माणसं बांध घालतात, विषारी मुळी ठेचून पाण्यात ढवळतात, मासे गुंगून वर येतात. बोलावणाऱ्याच्या घरानं सगळ्यांना चिचा, म्हणजे कसाव्याची आंबवलेली दारू, पाजायची. आणि वन्संसारखी चिचा नदीवर कोणाला जमत नाही. हल्लीच्या पोरी कसावा शिजवून त्यात साखर घालतात. वन्संनी दोन दिवस कसावा स्वतः चावून चावून, थुंकीनं ती आंबवली होती.

दुपारी माणसं पाण्यातून कुडकुडत आली आणि छपराखाली बसली. मडक्यात कोणी स्वतः हात घालत नाही. जिची चिचा, तिनंच भोपळ्याच्या वाटीतून द्यायची. आणि पाहुण्याला कोरडं ठेवणाऱ्या बाईचं तोंड पुन्हा कोणी बघत नाही.

वन्संनी मडक्यावर फळी टाकली आणि वर बसल्या.

"आत्या, दे ना," रोसेंदो म्हणाला.

"मासे कुठायत?"

"टोपल्यांत. गाडीला बांधलेत."

"सोड."

"आत्या, माणसं बसलीत! लाज काढतेस का?"

"काढते. तुझी नाही, माझी. सांगा नदीभर, कासिल्दानं पाहुण्यांना कोरडं ठेवलं. मी मरेपर्यंत सांगा. पण गावातल्या पोरांच्या तोंडात मासा पडल्याशिवाय एक वाटी भरायची नाही मी."

म्हातारा फेर्मिन कान्ची कोपऱ्यातून म्हणाला, "बुटकीचा तोरा बघा!"

"हो, बुटकी! बघ, नीट बघ!" वन्सं तिथंच मडक्यावर उभ्या राहायच्या बेतात होत्या. "एका वर्षाची उपासमार आहे ही, पन्नास वर्षं चाललीय! माझ्या वेळी नदीनं नेलं. नदीला काय बोलणार? आता नदी देतेय, आणि तुम्ही गाडीला बांधून नेताय!"

रोसेंदोनं माझ्याकडं पाहिलं. "आई, तू तरी सांग हिला."

"देल्फिनाची रेघ सहा महिने हललेली नाही," मी म्हटलं. "मला माहीत होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. सोड त्या टोपल्या."

तो गाडीच्या दोऱ्या सोडायला लागला. त्या दिवशी विस्तवावर साबालो मासे भाजले, पोरांनी कोपरापर्यंत हात माखून घेतले. शेवटचं पोर उठलं, तेव्हाच वन्सं मडक्यावरून उतरल्या. पहिली वाटी त्यांनी फेर्मिनलाच दिली. "पी, लांबड्या," म्हणाल्या.

तेव्हापासून आमच्या गावातून मासा बाहेर जातो तो पोरांची पोटं भरल्यावर. दरवेळी भांडण होतं. दरवेळी वन्सं भांडतात. डाव्या पायाची दोन बोटं गेली त्यांची, दिसतंही अंधुक. डॉक्टर म्हणाला, लहानपणी बिघडलेलं आता मागं जाऊन दुरुस्त करता येत नाही. "माझं सोड," म्हणाल्या, "मी दुरुस्त व्हायला आलेच नाही."

देल्फिना आता अकरा वर्षांची आहे. परवा फळीवरची तिची रेघ वन्संच्या रेघेच्या वर गेली. पोरगी गुणाची. आजीशी बोलताना प्रेमानं खाली वाकते. वन्संनी काठी हाणली तिच्या पोटरीवर.

"वाकायचं नाही माझ्यापुढं! यासाठी बसले होते का मी मडक्यावर? ताठ उभी राहा. मला मान वर करून बघू दे."