तीन चाकांच्या गाडीखालचं लिंबू

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. माहेरी नाही, बँकेतल्या मैत्रिणींजवळ नाही — आणि जिथे बोलायला हवं होतं तिथे तर नाहीच. आज बोलते, कारण माझाच मला संताप आवरत नाही.

आमच्या यांना खेळण्यातल्या छोट्या गाड्यांचं वेड. नोकरी न्हावा शेवा बंदरात. बोटीवरचे ओळखीचे लोक आणून द्यायचे. जुन्या इंग्रजी तीनचाकी व्हॅन — पुढे एक चाक, मागे दोन, अंगावर कुठल्याशा बेकरीची जाहिरात. बोटाएवढी गाडी, पण मान जावयाचा. काचेच्या कपाटात ठेवायची, कुणी हात लावायचा नाही. माणसाने दारात स्कूटर आणावी की कपाटात खेळणी?

नव्वद सालच्या आसपासचा दसरा. खांदा कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगखाली सगळ्यांच्या स्कूटरींना हार, चाकाखाली लिंबू. आमच्याकडे चाक म्हणून नव्हतं. सासूबाई उरणकडच्या, मिठागरात राबलेल्या. त्यांच्या लिंबू-मिरचीला चारचौघांत हसणारी मीच — बी.कॉम. झालेली, बँकेतली. मग त्या सकाळी मला काय झालं? हे झेंडू आणायला गेलेले, सासूबाई देवळात. मी कपाट उघडलं, नवी कोरी पांढरी व्हॅन काढली. हळदकुंकू लावलं. लिंबू गाडीपेक्षा मोठं — म्हणून फोड कापून पुढच्या चाकाखाली ठेवली आणि वरून अंगठ्याने दाबलं.

चाक कट्‌कन तुटलं. हळद पुसायला गेले तर रंगात आणखीच मुरली. गाडी होती तिथे ठेवली, हात साबणाने खसखसून धुतले.

सासूबाई देवळातून परतल्या, मागोमाग हे आले. यांनी गाडी पाहिली आणि तडक सासूबाईंना गाठलं. मला विचारलंसुद्धा नाही! का विचारतील? हळद, लिंबू — असला अडाणीपणा दुसरं कोण करणार? “आई, हे तुझं मिठागर नाही,” म्हणाले. सख्ख्या आईला! दारात शेजारी उभे.

“मी नाय रे हात लावला,” सासूबाई म्हणाल्या. पण रोजची देवपूजा त्यांची. बोटं पिवळी होतीच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सून आपल्या बाजूने बोलेल असं वाटलं असेल का? मी म्हणाले, “जाऊ द्या हो, त्यांना काय कळतंय.”

हो, हे मी म्हणाले. नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं.

पुढच्या दसऱ्याला खरीखुरी स्कूटर आली. यांनी पूजेचं ताट आईपुढे धरलं. सासूबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

“नको. माज्या हातून मोडंल.”

त्या मरेपर्यंत आमच्या कुठल्याच गाडीला त्यांनी कुंकू लावलं नाही. त्या दिवशी ताट माझ्याकडे आलं. मी ते घेतलं, खाली वाकले आणि चाकाखाली लिंबू ठेवलं.