चपलांपाशी

"मॅडम, तुमचं तर देवाबिवाचं नसतंच. तुमी चपलांपाशी थांबा."

हेडसर असं म्हणले आणि हसले. वाईट हसू न्हाई, साधंच. घरच्या माणसाला काम सांगावं तसं. सोबतचे सर, ड्रायव्हर, शाळेचा शिपाई, सगळे चपला काढून देवळात गेले. मागं नववीचा वर्ग गेला. मी पायऱ्यांखाली उभी. पुढ्यात चपलांचा ढीग.

आमची शाळा ताडकळसच्या बाजूला. मी तिथं इतिहास शिकवते. सहलीला मला घेतलं, कारण मुलींसोबत बाई पाहिजे असा नियम. मुली देवळात आणि बाई चपलांपाशी, हे कोणत्या नियमात बसतं ते मला अजून कळलं न्हाई.

देवाचं नसतं हे खरं हाय. आमी बौद्ध. देव माझ्या आज्यानंच सोडले. मी काही नवस फेडायला आले नव्हते. पण ही सहल माझी होती हो! दिवाळी झाल्यापासून वर्गात या जुन्या देवळांवर बोलत होते. चुना न लावता दगडात दगड कसा बसवला, खांबावर कोरलेली बाई आरशात कशी बघते, फळ्यावर काढून काढून बोटं पांढरी झाली. पोरं विचारायची, मॅडम, तुमी दाखवाल ना? हात लावून दाखवीन म्हणले होते.

चपला सांभाळायला माणूस पाहिजे, कबूल. पण ते काम ना सरांना सांगितलं, ना ड्रायव्हरला. आडनाव बघून सांगितलं. तोंडानं जात कोणी काढली न्हाई. आता कोणी काढतच न्हाई. आता सगळं गोड बोलून होतं, त्यामुळं भांडावं कुठून तेच सापडत न्हाई.

मी तिथंच पायरीखाली बसले. नोकरी पक्की नव्हती. मान्यतेची फाईल हेडसरच्या टेबलावर. आणि बाजूला एक माणूस न्हाई, ज्याला म्हणावं, बघितलं का हे? सगळ्या स्टाफमधी आमच्यातली मी एकटी. रोज डबा खाताना एकटी, त्या दिवशी चपलांत एकटी. आतून घंटा वाजायची, पोरांचा गलका यायचा आणि मला रडू यायचं. रडले न्हाई. एका पोराची चप्पल उलटी पडली होती, ती सुलटी करून ठेवली. मग माझीच मला लाज वाटली.

पोरं बाहेर आली. काय बघितलं रे, विचारलं. पाया पडलो, फोटो काढले, म्हणले. खांबावरची बाई कोणालाच दिसली नव्हती.

जेवणं झाली. गाडी दुसऱ्या देवळापाशी थांबली. या बारीला हेडसरनं सांगितलंही न्हाई. चपला काढल्या, माझ्याकडं बघून मान हलवली आणि आत गेले. ठरूनच गेलं होतं. मी बसायला दगड बघायला लागले, तर तिथं आधीच एक पोरगी बसलेली. सुजाता. आमच्याच वस्तीतली. आरशातल्या बाईचं चित्र सगळ्या वर्गात हिनंच नीट काढलं होतं.

"इथं कामून बसलीस गं?"

"चपलांपाशी, मॅडम."

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणीच न्हाई. आपलं देवाबिवाचं नसतंय ना."

शब्द हेडसरचे. तोंड माझ्या पोरीचं. तिला कोणी अडवलं न्हाई, हाकललं न्हाई. आपली आपणच बाहेर राहिली. मला बघून शिकली. वर्षभर शिकवलेला इतिहास एकीकडं राहिला, आणि हे पोरीनं एका सकाळीत उचललं.

उठ, म्हणले. हात धरला तिचा. आमच्या दोघींच्या चपला त्याच ढिगात काढल्या आणि आत गेलो. गाभाऱ्याकडं न्हाई, मंडपात. तशी आरशातली बाई इथंही होती. खांबापाशी उभी राहिले आणि वर्गात मारते तशी हाक मारली, नववी, इकडं या! पोरं पळत आली. सुजाताचा हात मी त्या दगडी आरशावर ठेवला.

हेडसर आले. हळू आवाजात म्हणले, "मॅडम, चपला?"

"ज्याच्या त्यानं सांभाळाव्या, सर."

येताना माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली. परभणीत सगळे चहाला उतरले. मला कोणी हाक मारली न्हाई. मी गाडीत बसून राहिले. बाहेर त्यांचं हसणं चाललेलं ऐकू येत होतं.

सोमवारी हेडसरनं बोलावलं. एकही चप्पल चोरीला गेली नव्हती, तरी लय चिडलेले. स्टाफसमोर एवढंच म्हणा की चूक झाली, मी फाईल पुढं पाठवतो, म्हणले.

मधल्या सुट्टीत सगळे जमले. मी उभी राहिले.

"चूक झाली," मी म्हणले. "पहिल्या देवळापाशी बसून राहिले, ती. पुन्हा होणार न्हाई."

फाईल अजून टेबलावरच हाय. पडू द्या. डबा अजूनही एकटीच खाते. खाईन. पण त्या ढिगापाशी मी बसणार न्हाई, आणि आमचं एकही लेकरू बसू देणार न्हाई.