डॉर्कससाठी सोडलेली फळी

मिस लोव्ही ऑर्व्हिलला खरं तर फारशी ठाऊक नव्हती. ती वारल्यावर चर्चमधल्या जेवणात लोकांनी त्याला आग्रहानं चार शब्द बोलायला उभं केलं. त्याला एवढंच सुचलं, की खोटं बोलताना तिचा डावा डोळा मिटायचा. मग तो घाईघाईनं खाली बसला, तोही पाद्रीबाबांच्या खुर्चीत.

दोघं वर्षानुवर्षं एकाच इस्टेटीवर कामाला होते. जुन्या काळच्या एका राष्ट्राध्यक्षांचा तो तंबाखूचा मळा. आता तिथे तंबाखू पिकत नव्हती, तिकिटं खपत होती. ऑर्व्हिल खिडक्या, कुंपणं आणि रंगकाम बघायचा. मिस लोव्ही पाहुण्यांना वाडा दाखवायची. तिच्या पणजीची आई डॉर्कस तिथे गुलाम होती, आणि अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरात चुलीपुढे तिची सगळी हयात गेली होती. दारावर पाटी मात्र होती: ‘राष्ट्राध्यक्षांचे स्वयंपाकघर’.

“त्यांचं?” मिस लोव्ही पाहुण्यांना म्हणायची. “त्या माणसाला चूल कुठल्या बाजूनं पेटते हे माहीत नव्हतं. हाक मारली की हॅमचं ताट येतं, एवढं मात्र पक्कं ठाऊक.”

पाटी बदलून तिथे डॉर्कसचं नाव लागावं, एवढंच तिचं मागणं. दर वर्षी ती ते इस्टेटीच्या समितीपुढे मांडायची. अध्यक्षीण मिसेस पेंड्री गोड हसून म्हणायच्या, “बघू हं, लोव्ही. देव तुझं भलं करो.” त्या मुलखात ‘देव तुझं भलं करो’ असं कुणी म्हटलं, की समजावं, काम होत नाही.

त्या वर्षी स्वयंपाकघर मूळच्यासारखं करायचं ठरलं. ऑर्व्हिलनं तिथल्या ओसरीच्या फळ्यांच्या छताचा पांढरा रंग खरवडला, तर खालून निळा निघाला. निळं छत कशासाठी, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. भुतांना ते पाणी वाटतं, आणि भुतं पाणी ओलांडत नाहीत.

मिसेस पेंड्रींचा चेहरा पडला. राष्ट्राध्यक्ष भूत होऊन अजून वाड्यात वावरतात यावर त्यांची श्रद्धा होती. रोज सकाळी त्या रिकाम्या जिन्याला “सुप्रभात, साहेब” म्हणायच्या.

“म्हणजे साहेबांना त्यांच्याच स्वयंपाकघरात बंदी? पुसून टाका, ऑर्व्हिल! पांढरा द्या!”

“पण जो रंग मूळचा निघेल तोच द्यायचा, असा नियम आहे, मॅडम,” ऑर्व्हिल बुटांकडे बघत पुटपुटला. “तुम्हीच केलाय.”

मिसेस पेंड्री ओसरीच्या पायरीवर मटकन बसल्या. तेवढ्यात मिस लोव्ही आली.

“जीव कशाला जाळताय, मॅडम? यावर तोड आहे. घरच्या बाईनं बोलावलं, तर भूत निळ्याखालूनही येतं. माझी आजी सांगायची.”

तिचा डावा डोळा मिटला होता. ऑर्व्हिलनं चटकन ब्रश साफ करायला घेतला.

“घरची बाई? कोण?”

“डॉर्कस. या चुलीवर दुसरं कोण होतं? पण पाटीवर तिचं नाव नाही. बोलावणं कुणाकडून आलं, हे साहेबांना कळायचं कसं? मोठी माणसं अशी कुणाच्याही घरी जातात का?”

मिसेस पेंड्रींना हे पटलं. साहेब रीतभात पाळणारे होते. त्याच आठवड्यात समितीनं एकमतानं ठराव केला: ‘डॉर्कसचे स्वयंपाकघर’.

नवी पाटी लागली तेव्हा मिसेस पेंड्रींना उशिरानं एक शंका आली. “पण लोव्ही, तिनं बोलावलंच नाही तर?”

“ते आता तिच्या मर्जीवर,” मिस लोव्ही म्हणाली. “देव तुमचं भलं करो.”

मिसेस पेंड्री गेल्यावर ऑर्व्हिल शिडीवर चढला. छताला निळा देता देता त्याचा हात थांबला. शेवटी धीर करून त्यानं विचारलं.

“मिस लोव्ही, डॉर्कससुद्धा आता… म्हणजे, तीही भूतच ना? मग ती कशी येणार?”

मिस लोव्हीनं वर पाहिलं. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“अगं बाई! मिस्टर ऑर्व्हिल, मागच्या दारावरच्या छताची एक फळी कोरी सोडा. ती तिथूनच यायची.” मग तिनं मान हलवली. “नको. मागच्या दारानं खूप येऊन झालं. इथेच सोडा, समोर, पाटीच्या वर.”

“समिती विचारेल.”

“रंग संपला म्हणावं. आणि फळी चांगली रुंद बघा. आमच्या घरच्या बायका अंगानं भरलेल्या.”

“ही चालेल?”

“ही चालेल. आता शिडी आत घ्या, आभाळ आलंय.”

“घेतो, मिस लोव्ही.”