हिवाळ्यात झाकलेली गाडी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीवर कव्हर घालणं. जून महिना, सकाळची वेळ, दुपारचं विमान, आणि बायको डिकीच्या बाजूला उभी राहून माझ्यावर ओरडत होती.

"अहो, तुमचं टोक खाली ओढा. आणखी. बंपर दिसतोय."

"दिसू दे. लाजते काय ती?"

"ओढा म्हणते ना."

गाडीचं कव्हर एकट्याच्याने नीट बसत नाही. एक बाजू ओढली की दुसरी निसटते. त्यात आमच्या कव्हरचं इलॅस्टिक केव्हाच मेलेलं. म्हणून तिने परकराच्या नाड्या एकीला एक जोडून एक लांबलचक नाडी केली होती. मी छत्रीच्या दांड्याने ती गाडीच्या पोटाखालून पलीकडे ढकलायचो. ती पलीकडून ओढून घ्यायची, टपावरून फिरवायची आणि गाठ मारायची. गाठ तिचीच. माझी सुटते असं तिचं म्हणणं. त्या दिवशीही तिनेच मारली, हात झटकले आणि म्हणाली, "झोपली आता ही. तुम्ही शर्ट बदला, घामाने ओलाचिंब झालाय."

मग आम्ही गावी गेलो. श्रावणात ती गेली. सकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्याशी खाली बसली, ती बसलीच. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. मला गाडीबद्दल लिहायचंय.

मी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. दुबईच्या इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये कंपनीच्या खोलीत आम्ही आठजण राहायचो आणि मी ट्रेलर चालवायचो. बायको गावी. दोन वर्षांनी एकदा भेट. मुलगा इथे नोकरीला लागला, मोहम्मद बिन झायद सिटीत घर घेतलं भाड्याने, आणि म्हातारपणी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. तेव्हा मी ही गाडी घेतली. जुनी, पांढरी, जपानी. माझ्या नावावरची पहिली. म्हणजे बायकोबरोबर सलग राहायला लागलो आणि गाडी आली, ते एकाच वर्षी.

हिवाळ्यात आम्ही घरात टिकायचो नाही. इथे हिवाळा म्हणजे बाहेर पडायचे दिवस. चपात्या, बटाट्याची भाजी, थर्मास, आणि चाललो. अल ऐनच्या डोंगरावर, फुजैराच्या समुद्रावर. ती रस्ता बघायची नाही, स्पीड बघायची. इथल्या उन्हाळ्यात गावी जाताना मात्र गाडी झाकायची, आणि तिथे आमचं भांडण ठरलेलं. मी म्हणायचो, यंत्राला सुट्टी नसते. मुलाला किल्ली देऊन जाऊ, आठवड्यातून एकदा फिरवेल. ती म्हणायची, "त्याला स्वतःची गाडी धुवायला वेळ नाही, ही कधी फिरवणार? आणि ऊन बघा काय असतं. माणूस दोन महिने सावलीत जातो, हिला नको?"

दिवाळीनंतर मी एकटा परत आलो. गाडी कंपाउंडच्या भिंतीशी तशीच उभी होती. कव्हरवर धूळ, टपावर पक्ष्यांची घाण. नाडी जागेवर. गाठ जागेवर.

मी हात लावला नाही.

डिसेंबर आला. शेजारच्या व्हिलांमधल्या गाड्या भरून लोक वाळवंटात निघाले, टपावर तंबू, खुर्च्या. आमची गाडी झाकलेली. सूनबाई मनाने चांगली आहे पण माझ्यासारखीच तोंडावर बोलते. एकदा चहा देता देता म्हणाली, "बाबा, एक विचारू? कव्हरवरून तुम्ही आईंशी भांडायचात. झाकून गाडी खराब होते म्हणायचात. आता त्या नाहीत तर तुम्हीच काढत नाही. असं का?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. पण प्रश्न डोक्यात राहिला. रोज सकाळी चहा झाला की मी गाडीभोवती फेरी मारायला लागलो. आत काय चाललं असेल, हे बघायची मला खोडच लागली. वारा सुटला की कव्हर पोटासारखं वरखाली व्हायचं. मी कान लावून ऐकलं. खर्रर्र, खर्रर्र. आत वाळू गेली असणार. झाकलेलं म्हणजे न हलता उभं, असं मला वाटत होतं. पण आत काहीतरी हलत होतं, घासत होतं.

पलीकडच्या व्हिलात एक गोरा मास्तर राहतो, कुठल्यातरी बर्फाच्या देशातला. तो मला रोज फेऱ्या मारताना बघत असणार. एक दिवस कुंपणाशी आला. माझं इंग्रजी ट्रेलरवर शिकलेलं, म्हणून तो माझ्याशी हळूहळू बोलला. म्हणाला, आमच्याकडे हिवाळ्यात आवडती गाडी अशीच झाकून ठेवतात. माझ्या वडिलांची होती. चार लाकडी ठोकळ्यांवर चढवायचे, म्हणजे टायर दबत नाहीत. बॅटरी काढून घरात न्यायची.

"घरात? व्हाय?"

"कोल्ड," तो म्हणाला. आणि मग म्हणाला, रस्त्यावर मीठ असतं.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "सॉल्ट? ईटिंग सॉल्ट?"

तो हसला. म्हणाला, तसंच, पण ट्रकने टाकतात. बर्फ वितळावा म्हणून. आणि ते मीठ गाडीचं लोखंड खाऊन टाकतं.

रस्त्याला मीठ घालतात हे मला दोन दिवस पुरलं. मिठाने लोखंड जातं हे मला कोणी शिकवायला नको. आमच्या गावी खाऱ्या वाऱ्याने सायकलची चेन वर्षात गंजते. पण मुद्दाम ट्रक भरून टाकायचं? सूनबाईला सांगितलं, तिने मोबाइलवर मला दाखवलं, आणि खरंच होतं.

जाताना गोऱ्याने मला विचारलं होतं. इथे बर्फ नाही. मीठ नाही. इथला हिवाळा तर गाडीसाठी सगळ्यात चांगला. मग तू का झाकलीस?

मी म्हटलं, "माय वाइफ टाय." आणि हाताने गाठ मारून दाखवली.

त्याने कव्हरवरच्या गाठीकडे बघितलं. मग "ओके" म्हणून आत गेला.

मार्चमध्ये मुलाने विषय काढला. मुलगा ओरडत नाही, ऑफिसात बोलतो तसं बोलतो. "बाबा, एन्ड ऑफ मंथला गाडीचं रजिस्ट्रेशन, मुल्किया, एक्स्पायर होतोय. रिन्यू करायचा तर गाडी टेस्टिंगला न्यावी लागेल. पास झाली तर ठेवा. पण उभीच ठेवायची असेल तर विकून टाकू. घरमालक पण पार्किंगसाठी मागे लागलाय."

"विकायची नाही."

"मग चालवा."

"चालवायची पण नाही."

"बाबा, तिसरं काही नसतं."

त्याचं बरोबर होतं, म्हणून मला राग आला. रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत टिकला. मग मी मुसफ्फाहच्या गॅरेजमधल्या पठाणाला फोन केला. हा मेकॅनिक माझा जुना ओळखीचा, ट्रेलरच्या काळापासूनचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बॅटरी आणि अवजारं घेऊन आला. गाडीभोवती फिरला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"चाचा, ठंडी में कौन ढकता है? यह तो चलाने का मौसम है."

"मालूम है. खोल."

"रस्सी काटूँ?" त्याने चाकू काढला.

"हात मत लगा. मैं खोलता हूँ."

मी गाठीला हात घातला. नुसती बोटांनी धरली, ओढली पण नव्हती, आणि नाडी बाजूलाच तुटली. उन्हाने पार कुजली होती. गाठ माझ्या हातात तशीच घट्ट, दोन्हीकडून दोऱ्याची राख. पठाणाने चाकू मिटून ठेवला. मी ती गाठ खिशात टाकली आणि कव्हर ओढलं. तेही जागोजागी फाटत आलं.

टपाचा रंग गेला होता. जिथे जिथे कव्हर वाऱ्याने हललं, तिथे वाळूने घासून पांढऱ्याची चमक जाऊन फिकट, खरखरीत पट्टा झाला होता. बॉनेटच्या कडा तशाच. पठाणाने बोट फिरवलं. "खुली होती तो धूल बैठती, धो देते. ढक के घिस डाला."

म्हणजे भांडणात माझं खरं होतं. मला आनंद झाला नाही. सांगणार कोणाला?

मग मी दार उघडलं. खरं सांगतो, इतके महिने मी कव्हर काढलं नाही याचं कारण मला दार उघडताना कळलं. मला वाटत होतं, तिचा वास आत कोंडून राहिला असेल. तिच्या तेलाचा, पावडरीचा. कव्हर काढलं की उडून जाईल. मी तिच्या सीटवर वाकलो, सीटला नाक लावलं. पठाण बघत होता तरी लावलं. सीटबेल्टला लावलं. डोकं टेकायच्या जागी लावलं.

तापलेल्या रबराचा वास होता. प्लॅस्टिकचा. बाकी काही नाही. श्रावणाआधीच कधीतरी गेला असेल. बंद दारातून वास कुठे जातो, कोण जाणे. मी तसाच वाकून विचार करत राहिलो, की मी नऊ महिने झाकून ठेवलं होतं तरी काय?

"चाचा, क्या ढूँढते हो?"

"कुछ नहीं. बॅटरी लगा."

नवी बॅटरी लावल्यावर गाडी तिसऱ्या सेल्फला सुरू झाली. पठाणाने ती गेटपर्यंत पुढे नेली आणि मागे आणली. चाकांतून धब, धब, धब असा आवाज. एकाच जागी उभं राहून टायर खालून चपटे झाले होते.

"टायर गया?" मी विचारलं.

"मालूम नहीं. गरम होगा तो शायद गोल हो जाए. लंबा चलाओ, आहिस्ता. नहीं हुआ तो चारों बदलना. आवाज बढ़े तो वहीं रोक देना."

"कभी होता है गोल?"

"कभी होता है, कभी नहीं."

चालवून टायर परत गोल होऊ शकतो, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. एवढी वर्षं गाड्या चालवल्या, पण माझी गाडी कधी एवढी उभी राहिलीच नव्हती. झोपताना माझ्या डोक्यात तेच होतं. चपटं झालेलं रबर चालून चालून गोल कसं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा-सून उठायच्या आत मी किल्ली घेतली. सीट पुसली, आरसा बसवला आणि अल ऐनच्या रस्त्याला लागलो, उजवीकडच्या सावकाश गाड्यांच्या लेनने, हळू. एसी लावला तर जाळीतून वाळू उडून थेट तोंडावर आली. काच खाली केली. गार हवा होती. धब, धब, धब. मागचे ट्रक हॉर्न देऊन पुढे जात होते. मी चाकाकडे कान लावून होतो. अल वथबा मागे पडलं तरी आवाज तसाच. नाही होत हे, असं म्हणून मी वळायची जागा बघायला लागलो. ती येईपर्यंत आवाज थोडा बसला. मला वाटलं, रस्ता बदलला असेल. मी वळलो नाही. अजून पुढे गेलो. आवाज पूर्ण गेला नाही, पण आता तो ऐकू यायला मन लावावं लागत होतं.

पेट्रोल पंप आला तिथे आत घेतली. उतरून वाकलो आणि चारही टायरांना हात लावून बघितला. गरम होते.

पंपावरचा माणूस नळी घेऊन उभा. "बाबा, कितना डालूँ?"

मी म्हटलं, "फुल."