पुढे सरका, पिल्लांनो

आमचे मामा बसमधून निवृत्त झाले, पण त्यांच्यातला कंडक्टर काही केल्या निवृत्त होईना. पाहुण्यांनी दारात घोळका केला की मागून मामांचा आवाज यायचाच, पुढे सरका, आत जागा आहे. सगळी गल्ली त्यांना डबलबेल म्हणायची आणि ते त्यांना मनापासून आवडायचं.

जावयाने त्यांना आपल्या हार्डवेअरच्या दुकानात बोलावलं. काम एवढंच, की दारात बसून गिऱ्हाइकांना 'या' म्हणायचं. मामांच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर लोकांना चढवलं-उतरवलं, आता जावयाच्या दारात बसू? त्यांनी घरामागे शेड उभी केली आणि एका कंपनीची ब्रॉयलरची पिल्लं वाढवायला घेतली. कंपनीच्या डॉक्टरने आधीच बजावलं होतं, आठवड्याने येऊन बघेन, पिल्लांनी अंग धरलं तर पुढची खेप, नाहीतर नमस्कार. खेप हुकली तर मुकाट्याने दुकानात जाईन, हे मामांनी मामीला स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं, आणि मामी कबूल केलेलं विसरणाऱ्यांतली नाही.

पिल्लं आली त्या सकाळी मीही मदतीला होतो. भोकं पाडलेल्या खोक्यांतून नुसता चिवचिवाट चालला होता. मामांनी पत्र्याचं गोल कुंपण केलं, वर दिवे टांगले, आत लाकडाचा भुसा, भुशावर वर्तमानपत्रं आणि त्यांवर मक्याचा भरडा पसरला. प्रवासाने दमलेल्या पिल्लांना आधी साखरपाणी, दाणे मागाहून, असं डॉक्टरने शिकवलं होतं. मामा एकेकाची चोच पाण्यात बुडवून खाली सोडत होते. मामीला मात्र शेडमध्ये मज्जाव होता. हे माहितगाराचं काम आहे म्हणे.

थोड्याच वेळात पिल्लं मधल्या दिव्याखाली गोळा झाली आणि एकमेकांच्या अंगावर चढू लागली. गर्दी बघून मामांना चेव आला. ते कुंपणात उतरले आणि दोन्ही हातांनी पिल्लं बाजूला सारू लागले. पुढे सरका, पुढे रिकामं आहे, दाणेही तिकडेच आहेत. पिल्लं सरकायची आणि मामांची पाठ वळली की पुन्हा दिव्याखाली. असले बेशिस्त प्रवासी उभ्या आयुष्यात पाहिले नाहीत, असं पुटपुटत मामा नव्याने सुरुवात करायचे. एका बाजूने मीही सारत होतो. मला तरी कुठे काय कळत होतं.

दुपारपर्यंत मामा घामाघूम झाले आणि दाणे जसेच्या तसे राहिले. शेवटी त्यांनी एका पिल्लाच्या गळ्याखालची पिशवी चाचपली. पिल्लू खाऊन-पिऊन असेल तर ती मऊ, फुगलेली लागते. ही रिकामी होती. दुसऱ्याचीही तीच गत. कडेला काही पिल्लांनी मान टाकली होती. मामा मटकन खाली बसले. मला ते पहिल्यांदाच म्हातारे दिसले आणि फार वाईट वाटलं.

तेवढ्यात मामी चहा घेऊन आली आणि मज्जाव-बिज्जाव न जुमानता सरळ आत शिरली. तिने एक पिल्लू उचललं, त्याचे पाय आपल्या गालाला लावून पाहिले.

"गर्दी नाही करत हो ती. गारठलीयत."

मामांनी उबेचे दिवे उंच बांधले होते, कारण खाली बांधले तर त्यांचं डोकं आपटत होतं. वाऱ्याच्या बाजूचा पडदाही वर गुंडाळला होता, कारण गाडीत हवा खेळती पाहिजे. हे सगळं समजावून सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

"तीन पोरं वाढवली मी," मामी म्हणाली. "ढकलून कोणी गरम होत नाही."

तिने दिवे खाली घ्यायला लावले, पडदा सोडला, भांड्यांतलं गार पाणी ओतून कोमट भरलं. हळूहळू तो ढीग सुटला आणि पिल्लं आपली आपण पसरली. मामी कागदावर बोटाने टकटक करू लागली, कोंबडी चोचीने करते तसं. एकाने टोचून पाहिलं, मग शेजारच्याने, आणि बघता बघता सगळा कागद वाजायला लागला. मान टाकलेली काही पिल्लं गेलीच. मामांनी ती स्वतःच्या हाताने उचलली. पुढे आठवडाभर शेड मामीची होती आणि मामा तिच्या हाताखाली.

ठरल्याप्रमाणे डॉक्टर आला. त्याने पिल्लं बादलीत घालून तोलली, पाय तपासले. सुरुवातीला मार खाल्लाय, पण छान सावरलीत, पुढची खेप देतो, म्हणाला. मग त्याने विचारलं, सांभाळलं कोणी? श्रेय आयतं पदरात पडत होतं. मामांनी मामीकडे बोट दाखवलं.

"हिनं. मी नुसता मध्ये मध्ये येत होतो."

डॉक्टरने पुढची खेप मामीच्या नावावर केली. जावईबापू नेमके तेव्हाच टपकले होते. खेप सासूबाईंची म्हटल्यावर सासरे मोकळेच झाले, असा हिशेब करून त्यांनी उद्यापासून दुकानात येण्याचा विषय काढला. मामा खाली मान घालून चपला शोधू लागले. मामीने पाण्याची रिकामी भांडी त्यांच्या हातात दिली आणि जावयाला म्हणाली, "दुकानात दुसरं कोणी बघा. हे माझ्याकडे कामाला लागलेत."

मामा भांडी घेऊन दारापर्यंत गेले. मग त्यांनी हळूच विचारलं, कोमटच आणू ना? मामांनी मामीला काही विचारलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.